दाईपक्षी असावेत, पण संकटापुरते

गोल्डियन फिंचच्या मादीनं शेवटचं अंडं घातलं की त्याच संध्याकाळी सगळी अंडी उचलायची, शेजारच्या पिंजऱ्यातल्या बंगाली फिंचच्या खोक्यात ठेवायची आणि मादीला पुन्हा अंडी घालू द्यायची, ही रंगीत फिंचची पैदास करणाऱ्यांमध्ये मुरलेली पद्धत आहे. मूळ जोडी अंडी नीट उबवते का, पिल्लांना भरवते का, हे पाहायला कुणी थांबतच नाही. दाईपक्षी, म्हणजे परक्याची अंडी-पिल्लं सांभाळणारे पक्षी, हाताशी आहेत, ते हमखास पिल्लं वाढवतात, मग धोका कशाला पत्करायचा, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे. परक्या जातीकडून पिल्लं वाढवून घेणं हा अडचणीतला उपाय आहे. तीच नेहमीची रीत झाली की तिची किंमत आईच्या शरीरातून, पिल्लांच्या वागण्यातून आणि पुढच्या पिढ्यांमधून वसूल होते. पाळणाऱ्यांच्या संघटनांनी आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी आता या पद्धतीला मर्यादा घालायला हवी.

या पद्धतीच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य केलं पाहिजे. बंगाली फिंच रानात कुठेही सापडत नाही. पांढऱ्या पाठीची मुनिया सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानमध्ये गेली आणि तिथल्या पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करत तिच्यापासून हा पाळीव पक्षी घडवला. माणसाला न बुजणारा, घरट्यात डोकावलं तरी अंडी न सोडणारा आणि उघडी चोच दिसली की भरवल्याशिवाय न राहणारा असा त्याचा स्वभाव त्या निवडीतून पक्का झाला. दोन नर एकत्र ठेवले तरी ते अंडी उबवतात आणि पिल्लं वाढवतात.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. फिंचच्या या कुळात पिल्लांच्या तोंडातली, आईबापांसाठी भरवण्याची खूण मानली जाणारी नक्षी जातीगणिक वेगळी असते. गोल्डियनच्या पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्यांवर तर निळसर, प्रकाश परतवणाऱ्या गाठी असतात आणि अंधाऱ्या ढोलीत त्या उठून दिसतात. आफ्रिकेतले व्हायडा पक्षी या कुळातल्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालतात, आणि त्यांच्या पिल्लांच्या तोंडातली नक्षी यजमानाच्या पिल्लांशी मिळतीजुळती असते. बंगाली फिंच मात्र नक्षी जुळो न जुळो, भरवतो. ऑस्ट्रेलियानं १९६० मध्ये देशी पक्ष्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर बाहेरच्या पाळणाऱ्यांकडे जे गोल्डियन होते त्यांच्यावरच सगळी मदार आली, आणि बंगाली फिंचच्या कुशीत वाढलेल्या पिल्लांनी ती संख्या वाढवली. हे ऋण नाकारता येणार नाही. पण तेव्हा प्रश्न वंश टिकण्याचा होता. आज बहुतेक ठिकाणी तो अधिक पिल्लं विकण्याचा आहे.

सगळ्यात पहिली झळ बसते मादीला. गोल्डियनची मादी रोज एक याप्रमाणे साधारण पाच-सहा अंडी घालते. उबवण्याचे पंधरा दिवस, पिल्लं घरट्यातून बाहेर पडेपर्यंतचे बावीस-तेवीस, आणि ती स्वतः खायला लागेपर्यंतचे आणखी जवळजवळ तीन आठवडे धरले तर एका विणीला दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत मादीच्या शरीराला अंडी घालण्यापासून विश्रांती मिळते. अंडी उचलून नेली की ही विश्रांती संपते. दहाएक दिवसांत ती पुन्हा अंडी घालू लागते, म्हणजे निसर्गक्रमानं जिथे पाच-सहा अंडी झाली असती तिथे तिच्याकडून पंधरा-सोळा निघतात. जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम वजनाचा हा पक्षी. कवचासाठी लागणारा कॅल्शियम खाण्यातून पुरला नाही की हाडांतून ओढला जातो. मग कवचं पातळ होतात, अंडी खडबडीत येतात, आणि एखाद्या थंड सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, शेपूट वरखाली करत बसलेली दिसते. अंडं अडकलेलं असतं. अशा मादीला ताबडतोब तीसेक अंश उबेत आणि दमट हवेत हलवावं लागतं, पाण्यातून कॅल्शियम द्यावा लागतो, आणि काही तासांत अंडं बाहेर आलं नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरशिवाय इलाज नसतो. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न कुणी करू नये; अंडं आत फुटलं तर मादी सहसा हाती लागत नाही. समुद्रफेस आणि भाजलेल्या अंड्याच्या कवचांचा चुरा बारा महिने पिंजऱ्यात असला तरी वर्षात दोन, फार तर तीन विणी एवढीच मादीची मर्यादा मानायला हवी. दाईपक्ष्यांच्या जोरावर हीच मर्यादा सर्वात सहज मोडली जाते.

दुसरी हानी लगेच दिसत नाही, पण माझ्या लेखी ती अधिक गंभीर आहे. जी जोडी अंडी फेकते किंवा पिल्लांना भरवतच नाही, तिची संतती निसर्गात मागे राहत नाही. दाईपक्षी आले की ही गाळणी निघून जाते. वाईट पालकांची पिल्लंही चांगल्या पालकांच्या पिल्लांइतकीच जगतात. उलट जी मादी लवकर लवकर अंडी घालते आणि उबवण्यात रस घेत नाही, तिची पिल्लं सर्वात जास्त होतात. अशा सात-आठ पिढ्या गेल्या की पाळणारा सांगतो, ‘गोल्डियन मुळातच वाईट पालक आहेत.’ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे हा पक्षी झाडांच्या ढोल्यांत स्वतःची पिल्लं स्वतःच वाढवत आला आहे. मुळात वाईट पालक असता तर तो आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता.

माणसाच्या मदतीनं दोष पसरतो कसा, याचं स्पष्ट उदाहरण न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरच्या ब्लॅक रॉबिन या छोट्या पक्ष्याचं आहे. १९८० मध्ये या जातीचे जगात पाच पक्षी उरले होते आणि वीण यशस्वी करणारी मादी एकच होती, ओल्ड ब्लू. पक्षीसंरक्षक डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांखाली ठेवून ही जात वाचवली. दाईपक्ष्याचा उपयोग कशासाठी करावा, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. त्याच काळात काही माद्या घरट्याच्या काठावर अंडी घालत होत्या. अशी अंडी उबत नाहीत. वाचवणाऱ्यांनी प्रत्येक अंडं मोलाचं म्हणून ती आत सरकवली. परिणाम असा झाला की काठावर अंडी घालण्याची खोड पसरत गेली, आणि १९८९ च्या सुमारास निम्म्या माद्या तसं करू लागल्या. अंडी सरकवणं थांबवल्यावर हे प्रमाण पुन्हा उतरलं. पाच पक्षी उरले असताना ती मदत टाळणं शक्य नव्हतं. पिंजऱ्यांत मुबलक असलेल्या गोल्डियनच्या बाबतीत असं कोणतं कारण पुढे करता येईल?

तिसरा मुद्दा ओळखीचा. पिल्लू आपली जात कोणती हे ज्यांच्याकडून भरवलं जातं त्यांच्याकडे पाहून शिकतं. क्लाउस इमेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं झेब्रा फिंचची पिल्लं बंगाली फिंचकडून वाढवून हे दाखवून दिलं. असे नर मोठे झाल्यावर बंगाली फिंचच्या माद्यांपुढे नाचत, आणि नंतर स्वतःच्या जातीच्या मादीबरोबर पिल्लं वाढवूनही त्यांची मूळ ओढ टिकून राहिली. त्यांचं गाणंही दाईबापाचं झालं. झेब्रा फिंचमध्ये गाणं ऐकून मनात साठवण्याचा काळ साधारण पंचविसाव्या दिवसापासून पासष्टाव्या दिवसापर्यंतचा असतो. त्या काळात कानावर जे पडतं तेच पुढे आयुष्यभर टिकतं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की पहिल्या प्रणयाच्या वेळी जो जोडीदार समोर असतो त्यामुळे ही ओढ काही प्रमाणात बदलू शकते. म्हणजे थोडी वाट उघडी असते, पण ती फार काळ नाही.

पिंजऱ्याबाहेर याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे हूपिंग क्रेन या दुर्मीळ क्रौंचांच्या बाबतीत दिसलं. अमेरिकेत आयडाहोमधल्या ग्रेज लेक इथे १९७५ ते १९८८ या काळात त्यांची २८९ अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली गेली. पिल्लं वाढली, दाईआईबापांबरोबर स्थलांतरही शिकली. पण मोठी झाल्यावर त्यांची आपसांत एकही जोडी जमली नाही. शेवटी तो प्रयत्न सोडून द्यावा लागला आणि तो थवा संपला. दाईकडे वाढलेले अनेक गोल्डियन पुढे स्वतःच्या जातीशी जोडी जमवतात आणि पिल्लंही वाढवतात, हे खरं आहे. भरवणं ही काही निव्वळ शिकून येणारी गोष्ट नाही. ज्यांचं जमत नाही ते मात्र विकले जातात, आणि नवा मालक दोष खाण्यात, जागेत किंवा नशिबात शोधत बसतो. हा पक्षी कुणाच्या कुशीत वाढला, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

रोगांबद्दल एकच गोष्ट तपशिलानं सांगतो, कारण तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. कॉक्लोसोमा नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी बंगाली फिंचच्या पोटात काही त्रास न देता राहू शकतो, आणि त्यांच्या चोचीतून भरवलेली गोल्डियनची पिल्लं मात्र दहा दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंतच्या वयात मरतात. लक्षणं अशी की पिल्लू मागतं, खातं, तरी वाळत जातं. विष्ठा ओली आणि त्यात न पचलेले दाणे. पाळणारा दाईला दोष देतो किंवा खाणं बदलतो. निदानासाठी ताजी, उबदार विष्ठा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, कारण ती थंड झाली की परजीवी मरतो आणि दिसत नाही. म्हणून दाईजोडी कामाला लावण्याआधीच तिची विष्ठा तपासून घ्यावी आणि गरज पडली तर डॉक्टरच्या सल्ल्यानं उपचार करावा. श्वासमार्गातल्या माइट्सची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते अंड्यातून येत नाहीत, आईबापांच्या सहवासातून आणि भरवण्यातून येतात, म्हणून माइट्सनी पछाडलेल्या गोल्डियनचा वंश स्वच्छ करायला निरोगी दाई खरोखर उपयोगी पडते. असा उपयोग मला मान्य आहे. त्यात हेतू आणि शेवट दोन्ही ठरलेले असतात.

मग मूळ जोडी अंडी का टाकते? बहुतेकदा कारण तिच्या रक्तात नसून आपल्या व्यवस्थेत असतं. पहिलं कारण वय. पिसं बदलून पूर्ण रंगात आलेला, निदान वर्षभराचा पक्षीच जोडीला लावावा. सहा-सात महिन्यांची मादी अंडी घालेल, पण बसणार नाही. दुसरं कारण घरट्यात वारंवार डोकावणं. बंगाली फिंच ते सहन करतो म्हणून पाळणाऱ्याला सवय लागते, आणि तीच सवय गोल्डियनच्या खोक्यावर वापरली की जोडी उठून जाते. खोकं खोल असावं, तोंडाशी उजेड कमी असावा, आणि तपासणी दिवसातून एकदाच, दोन्ही पक्षी बाहेर खायला आले असताना व्हावी. संध्याकाळनंतर तर मुळीच नको. अंधारात उठलेला पक्षी परत घरट्यात जात नाही आणि पिल्लं गारठतात. तिसरं कारण थंडी. गोल्डियन आईबाप पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की रात्री त्यांच्यावर बसणं सोडू लागतात. त्यांच्या मायदेशी रात्रीही उबदार असतात, त्यामुळे तिथे ते चालून जातं. थंड खोलीत त्याच वयाची उघडी पिल्लं सकाळी मेलेली सापडतात, आणि दोष आईच्या माथी येतो. त्या आठवड्यापुरती खोली पंचवीस अंशांच्या खाली जाऊ दिली नाही, तर दाईची गरज अनेकदा पडत नाही. राहिली पहिली वीण. ती फसणं स्वाभाविक आहे, तो सरावाचा भाग आहे. त्याच जोडीला दुसरी आणि तिसरी संधी न देता अंडी उचलणं म्हणजे तिला शिकूच न देणं.

तीन विणींनंतरही जोडी पिल्लं वाढवत नसेल तर त्या जोडीचे साथीदार बदलावेत. तरीही नाही जमलं तर त्या पक्ष्यांकडून पैदास थांबवावी. रंग कितीही दुर्मीळ असला तरी माझं मत हेच राहील.

आता ज्या वेळी दाई खरोखर लागते त्या वेळेबद्दल. आई मेली, अंड्यांवरचा पक्षी आजारी पडला, पिल्लं चार दिवसांची असताना बाप सोडून गेला, अशा प्रसंगी ती तयारच असायला हवी. ऐन वेळी शोधलेली दाई उपयोगाची नसते. जिनं स्वतःची निदान एक वीण नीट वाढवली आहे अशी जोडी घ्यावी आणि ती त्याच पिंजऱ्यात महिनाभर रुळलेली असावी. दाईची अंडी आणि आणलेली अंडी यांच्या उबवणीत दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. पाचव्या-सहाव्या दिवशी अंड्यामागे छोटा दिवा धरला की लाल शिरा दिसतात. ज्यात दिसत नाहीत ती रिकामी. एका खोक्यात पाचपेक्षा जास्त पिल्लं ठेवू नयेत. दाईची स्वतःची पिल्लं त्याच घरट्यात वाढू देऊ नयेत, कारण मागण्याची रीत आणि वाढीचा वेग जुळत नाही, आणि मागे पडलेलं पिल्लू तुडवलं जातं. त्यासाठी दाईची अंडी काढावी लागतात. म्हणजे या व्यवहारात दाईचंही नुकसान आहे, आणि परक्या पिल्लांच्या प्रत्येक खेपेनंतर तिला स्वतःची एक वीण पूर्ण करू देणं हे आपल्याकडून तिला असलेलं किमान देणं आहे.

खाण्याची तयारी पिल्लं फुटण्याच्या निदान दोन आठवडे आधी सुरू व्हावी. कोरड्या दाण्यांवर राहिलेली बंगाली फिंच पिल्लांनाही कोरडे दाणेच भरवते, आणि गोल्डियनची पिल्लं खुरटतात. उकडलेल्या अंड्याचं मऊ खाद्य, मोड आलेले राळ्याचे दाणे आणि अर्धवट पिकलेली गवताची कणसं रोज दिली तर ती त्यांना सरावते. ओलं खाद्य उन्हाळ्यात तीन-चार तासांत काढून टाकावं. संध्याकाळी पिल्लाच्या मानेशी पाहावं. पातळ कातडीतून अन्नाची पिशवी भरलेली दिसली पाहिजे. छोट्या वॅक्सबिलसारख्या, पिल्लांना कीटक भरवणाऱ्या जातींची अंडी बंगाली फिंचखाली ठेवणं तर टाळावंच. ही दाई जिवंत किडे सहसा भरवत नाही आणि त्यांची इवली पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात.

पिल्लं कुणाच्या नजरेसमोर वाढतात याचाही विचार हवा. दाईचा पिंजरा प्रौढ गोल्डियनच्या पिंजऱ्याला लागून, त्यांचं दिसणं आणि गाणं पोहोचेल असा असावा. चॅथम बेटांवर टॉमटिट या दाईपक्ष्याच्या घरट्यांत वाढलेली ब्लॅक रॉबिनची पिल्लं टॉमटिटसारखी वागू लागली, तेव्हा ती उडायच्या आत पुन्हा रॉबिनच्या घरट्यांत नेली गेली. आपल्याकडे त्याच वयाची पिल्लं असलेली गोल्डियनची जोडी असेल तर हेच करून पाहावं. नसेल तर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास, स्वतः खायला लागताच, पिल्लं सरळ प्रौढ गोल्डियनच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडावीत. तिथे एकही बंगाली फिंच नको. त्यांचा पहिला जोडीदार शक्यतो आईबापांनी वाढवलेला असावा.

संघटनांकडून मागण्या तीनच आहेत, आणि त्या अवघड नाहीत. पिल्लं आठ-दहा दिवसांची असताना पायात बंद कडी घातली जातेच. त्या कडीच्या नोंदीत पिल्लू आईबापांनी वाढवलं की दाईनं, आणि दाईनं असेल तर का, एवढं लिहावं. विक्रीच्या वेळी ही नोंद घेणाऱ्याच्या हाती द्यावी. प्रदर्शनांत आईबापांनी वाढवलेल्या पक्ष्यांसाठी वेगळा गट ठेवावा आणि पैदास करणाऱ्याचा मान त्या गटावरून ठरवावा. नोंदी खोट्या लिहिल्या जातील, असा आक्षेप येईल. काही लिहितीलही. पण ज्याच्याकडे गोल्डियनच्या दहा जोड्या आणि बंगालीच्या पंचवीस जोड्या आहेत, त्याची नोंद किती खरी हे त्याचे पिंजरे पाहणाऱ्याला लगेच कळतं. दुर्मीळ रंगांची पैदास मंदावेल, हाही आक्षेप खरा आहे. पहिल्या दोन-तीन हंगामांत पिल्लांची एकूण संख्याही घटेल, आणि पाळणाऱ्यांनी ती घट आधीच गृहीत धरावी. ज्या जोड्या स्वतः पिल्लं वाढवतात त्यांचीच पिल्लं पुढे ठेवायची असं ठरवलं, तर ती घट हळूहळू भरून येते. त्यासाठी निदान चार-पाच पिढ्यांचा संयम लागतो, आणि तो एकट्यादुकट्यानं दाखवून भागत नाही, म्हणून नियम संघटनेनंच करायला हवा.